रेशनकार्ड बंद दाखवतंय? नव्या कार्डाचा अर्ज टाकू नका

गणपतीत चाकरमानी गावी आले की रेशन दुकानावर दरवर्षी तोच घोळ. अंगठा लावायच्या पॉस मशीनवर आईचं नाव दिसतं, मुलाचं नाही, नाहीतर कार्डच बंद. मग कुणीतरी सल्ला देतो, नवीन कार्ड काढ. तो ऐकू नका. आधार जुन्या कार्डाला जोडलेलं असतं, त्यामुळे नवा अर्ज तिथेच अडकतो. मागायचं ते जुनं कार्ड पुन्हा चालू करून, किंवा गाळलेलं नाव परत घालून.

पात्रतेचं थोडक्यात: अंत्योदय कार्डाला महिन्याला 35 किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो. प्राधान्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा गावात 44 हजार, शहरात 59 हजार. जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे.

आता सगळ्यांना नडणारी मुदत. जुलै 2025 मध्ये केंद्राने रेशन वितरणाच्या नियंत्रण आदेशात दुरुस्ती केली. सहा महिने धान्य उचललं नाही तर कार्ड तात्पुरतं बंद होतं, आणि पुढच्या तीन महिन्यांत घरी चौकशी व ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) होऊन पात्रता ठरते. लोक याला नऊ महिन्यांची सवलत समजतात. तसं नाही, धान्य सहा महिन्यांनीच थांबतं. शिवाय चौकशीला आलेल्या माणसाला घराला कुलूप दिसलं तर तो काय लिहून नेणार? उपाय साधा आहे: गावचं कार्ड असलं तरी धान्य मुंबईतल्या दुकानातही उचलता येतं. अधूनमधून उचलत राहा.

ई-केवायसी कार्डावरच्या प्रत्येकाची वेगळी. बँकेत किंवा गॅसला केलेली इथे चालत नाही. काजू सोलणाऱ्या बायकांचे, चिऱ्याच्या खाणीवरच्या गड्यांचे ठसे मशीन घेतच नाही, आणि दुकानदार 'पुढच्या महिन्यात या' म्हणून मोकळा होतो. अशा वेळी 'मेरा ई-केवायसी' ॲपवरून चेहऱ्याने करा. त्यासाठी मुंबईहून गावी येण्याचीही गरज नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना ती लागत नाही, पण पाच पूर्ण झाल्यावर वर्षभराच्या आत करून टाका.

कुणाकडेच नसलेला कागद म्हणजे माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला. सून परळची, सासर लांज्याचं. मुंबईत दाखला शिधावाटप कार्यालय देतं, गावात नाव वाढवायला तहसीलची पुरवठा शाखा. दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही, हेलपाटे मात्र सुनेचे. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाल तेव्हाच तो दाखला घेऊन या. जन्मदाखला, आधार वगैरे बाकी कागद मिळतात, त्यांची फार चिंता नको.

हे फक्त तांदळापुरतं नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, आणि दवाखान्यात योजनेचं काम पाहणारा आरोग्यमित्र आधी रेशनकार्डच मागतो. कार्डावर 'बाबी' आणि आधारवर 'सुलोचना' असेल तर तिथेही खोळंबा. नावातला फरक आजारपण यायच्या आधी दुरुस्त करून घ्या.

तहसीलमध्ये काम होत नसेल तर 2013 चा अन्न सुरक्षा कायदा वाचलेला बरा. कलम 15 प्रमाणे जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते, त्यावर अपील राज्य अन्न आयोगाकडे. हक्काचं धान्य मिळालंच नाही तर कलम 8 खाली सरकारने भत्ता द्यायचा असतो. तक्रार निवारण अधिकाऱ्याने सांगितलेला दिलासा जबाबदार माणसाने दिला नाही तर कलम 33 प्रमाणे आयोग त्याला 5 हजारांपर्यंत दंड करू शकतो. हा आकडा अर्जात लिहायला लाजू नका.

टोल फ्री 1967 वर तक्रार नोंदवता येते, पण कागद जास्त चालतो. अर्जात कार्डाचा बारा अंकी क्रमांक, शेवटचं धान्य कधी उचललं ते आणि बंद केल्याचं कारण लेखी द्या, एवढी मागणी घाला. 'साहेब मिटिंगला गेलेत' म्हटलं तरी परत फिरू नका. आवक टेबलावर अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या.