बंद पडलेली पद्मिनी: आधी हात, मग किल्ली

२०२३च्या ऑक्टोबरात मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून प्रीमियर पद्मिनी ही मोटार गेली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या खासगी पद्मिनी मात्र अजून कितीतरी गॅरेजांत, ताडपत्रीखाली उभ्या आहेत. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं हे इंजिन साधं आणि टणक आहे. दहा वर्षं बंद राहिलं तरी ते बहुधा वाचतं. त्याचा घात होतो तो नवी बॅटरी आणून लगेच किल्ली मारली की.

कारण सिलिंडरच्या आत आहे. इंजिन कुठेही थांबलं तरी साधारणपणे एका सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह आणि दुसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहतो. पावसाळ्याची दमट हवा कार्ब्युरेटरमधून नाहीतर सायलेन्सरमधून थेट त्या दोन सिलिंडरांत शिरते. भिंतींवरचा ऑइलचा पातळ थर तोवर ओघळून गेलेला असतो, म्हणून उघड्या बिडाला (ओतीव लोखंडाला) गंज धरतो आणि पिस्टनची रिंग त्यात चिकटते. त्या अवस्थेत स्टार्टरने ओढलं की रिंग तुटते, किंवा गंजाचे कण भिंतीवर खोल चरे पाडतात. मग बोअरिंगशिवाय, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठं केल्याशिवाय, इलाज उरत नाही.

म्हणून पहिल्या दिवशी बॅटरी लावूच नका. वायरींवर क्रमांक टाकून चारही स्पार्क प्लग काढा. प्रत्येक भोकातून टॉर्च मारून आत बघा: दोन सिलिंडर करडे-काळे आणि दोन विटकरी दिसले, तर वर सांगितलेलं तुमच्या डोळ्यांसमोर आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून दर सिलिंडरमध्ये १५-२० मिली सोडा. ॲसिटोन पटकन पेटतो आणि गाडीचा रंगही उडवतो, तेव्हा दार उघडं ठेवा आणि विडी-सिगारेट लांब. दोन-तीन दिवस मुरू द्या.

मग टॉप गिअर टाका, हँडब्रेक सोडा आणि गाडी पुढे-मागे हलवा, किंवा क्रँकच्या (पिस्टनांना जोडलेल्या मुख्य दांड्याच्या) पुलीच्या नटाला पाना लावा. अर्धा इंच पुढे, अर्धा इंच मागे, एवढंच. हलत नसेल तर लांब पाइप लावून जोर काढू नका, आणखी मिश्रण सोडा आणि आणखी थांबा. आठवडा लागला तरी तो स्वस्तात पडतो.

इंजिन सैल झालं की टॅपेट कव्हर (इंजिनवरचं झाकण) काढून क्रँकला हातानेच पूर्ण दोन फेरे द्या आणि व्हॉल्व्ह दाबणाऱ्या आठही रॉकरांकडे लक्ष ठेवा. रॉकर खाली गेला, पण व्हॉल्व्ह परत वर आला नाही, तर तो गाइडमध्ये, म्हणजे आपल्या नळीत, अडकलाय. तसंच फिरवत राहिलात तर पिस्टन त्याला आदळू शकतो, किंवा रॉकरला ढकलणारा पुशरॉड वाकतो. व्हॉल्व्हच्या दांडीवर ऑइल सोडून हलक्या हाताने तो मोकळा करा.

जुनं ऑइल काढताना पहिली धार नीट बघा. पाणी जड असल्यामुळे ते आधी येतं. जमल्यास संप (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं) उतरवा, कारण तळाचा गाळ गाळणीत अडकला की ऑइल वर चढतच नाही. २०डब्ल्यू-५० ऑइल डिपस्टिकच्या खुणेपर्यंत भरा. आता बॅटरी लावा, कॉइलची वायर काढा आणि प्लग न बसवताच स्टार्टर दहा-दहा सेकंद फिरवा. भोकांवर फडकं टाका, आतलं मिश्रण फवाऱ्यासारखं उडतं. ऑइलचा लाल दिवा विझल्याखेरीज प्लग बसवायचे नाहीत.

पेट्रोलकडे दुर्लक्ष नको. उभ्या टाकीत हलके घटक उडून जातात, उरलेल्याचा चिकट राळेसारखा थर होतो आणि त्याला व्हार्निशसारखा वास मारतो. टाकी धुऊन होईपर्यंत बाहेरच्या छोट्या कॅनमधून ताजं पेट्रोल द्या. कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोलची बारीक भोकं) क्लीनर आणि हवेने साफ करा. तार खुपसली तर भोक मोठं होतं आणि मिश्रण कायमचं बिघडतं. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) नवाच टाका. जुना फाटला तर पेट्रोल सरळ संपमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगं जातात. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर इंजिन तिथल्या तिथे बंद करा. आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये जुने रबरी पाइप लवकर खराब होतात, तेही बदला.

डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासून गॅप ०.४ ते ०.५ मिमी ठेवा, प्लगची ०.६. एअर क्लीनरमध्ये उंदराचं आणि सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशीचं घर आहे का, तेही बघा. रेडिएटरचं गंजकं पाणी धुऊन त्यात कूलंट भरा. इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचं आणि खालचा ब्लॉक बिडाचा, त्यामुळे नुसत्या पाण्यात हेड आतून खात जातं.

इंजिन लागलं की पहिली काही मिनिटं निळा धूर येणारच, ते सिलिंडरमधलं ऑइल जळतंय. रेस न देता पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, किंवा ऑइल दुधाळ कॉफीसारखं झालं असेल, तर बहुधा हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलंय. क्लच फ्लायव्हीलला चिकटलेला असू शकतो आणि ब्रेकचे सिलिंडरही बहुधा जाम असतात. ही दोन्ही कामं गाडी गेटाबाहेर काढण्याआधीची. पहिल्या १०० किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा बदला. सुटलेला सगळा गंज आणि राळ त्यातच उतरलेली असते.