पार्श्वभूमी : देगाचं ‘ल टब’ आणि पेस्टलमधली न्यूड

फ्रेंच चित्रकार एदगार देगाचं ‘ल टब’ पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. पुठ्ठ्यावर पेस्टल (खडूसारख्या रंगकांड्यांचं काम), साधारण ६० × ८३ सेंटिमीटर, साल १८८६. पसरट टबात उकिडवी बसलेली बाई एक हात टेकवून तोल सावरते आणि दुसऱ्या हाताने मानेवर स्पंज फिरवते. आपण तिला वरून पाहतो. उजवीकडची फळी चित्राला उभा छेद देते. तिच्यावर पाण्याचे जग आणि केसांचा ब्रश आहे, ब्रशची मूठ फळीच्या कडेबाहेर आलेली. ती मूठ बोटाने झाकून पाहा, फळी आणि टब एकमेकांपासून सुटतात.

देगा प्रतीकवादी, म्हणजे दृश्यापेक्षा सूचक प्रतिमांवर भर देणाऱ्या चळवळीतला नव्हता, पण काळ तोच. १८८६च्या मे-जूनमध्ये इम्प्रेशनिस्टांचं आठवं आणि शेवटचं प्रदर्शन भरलं. त्यात देगाने स्नान करणाऱ्या, अंग पुसणाऱ्या, केस विंचरणाऱ्या स्त्रियांची मालिका मांडली. प्रतीकवादी चित्रकार ओदिलाँ रेदाँची चित्रंही तिथेच होती. सप्टेंबरमध्ये ‘ल फिगारो’ या वृत्तपत्रात कवी जाँ मोरेआसने प्रतीकवादाचा जाहीरनामा छापला.

पेस्टल हे मुळात अठराव्या शतकातल्या व्यक्तिचित्रांचं माध्यम. व्हेनिसची चित्रकार रोझाल्बा कारिएरा १७२०मध्ये पॅरिसला आली आणि त्याची लाट उसळली. फ्रेंच क्रांतीनंतर मात्र ते सरदारांचा थाट म्हणून मागे पडलं. न्यूड, म्हणजे नग्न देहाचं चित्र, तैलरंगात, गुळगुळीत आणि व्हीनस किंवा अप्सरेच्या नावाखाली रंगवायची, हा अकादमीचा रिवाज. देगाने चेहऱ्यासाठीचं माध्यम निनावी देहाकडे वळवलं. लेखक जॉर्ज मूरला त्याने सांगितलं होतं, की जणू किल्लीच्या भोकातून पाहावं तशा या बायका आहेत. ही उपमा चित्रावर अन्याय करते. इथे चोरटेपणा दिसत नाही. दिसतो तो टेकलेल्या हातावर आलेला भार.

पेस्टलची कांडी म्हणजे रंगद्रव्य, खडूसारखी पांढरी भुकटी आणि अगदी थोडा डिंक. ही पूड कागदाच्या दाण्यात, म्हणजे खरखरीत पृष्ठभागात, अडकून राहते. दाणा भरला की पुढचा थर घसरतो, म्हणून देगा मधल्या थरांवर फिक्सेटिव्ह (पूड धरून ठेवणारा द्रव) मारून वर पुन्हा रंग चढवायचा. फिक्सेटिव्ह जास्त झालं तर कणांमधली हवेची जागा भरते, प्रकाश विखुरत नाही आणि पांढरा काळवंडतो. त्यामुळे वरचा थर बहुधा मोकळा ठेवलेला बरा. कधी देगा वाफेने पूड ओली करून ब्रशने पसरवायचा. काही न्यूडच्या तळाशी मोनोटाइप आहे: धातूच्या पत्र्यावर शाई लावायची, चिंधीने पुसत आकृती काढायची, दाबयंत्रातून छाप घ्यायचा. दुसरा छाप फिका येतो, त्याच्यावर पेस्टल.

हा मोकळा थर जपणं अवघड. काच चित्राला टेकू द्यायची नाही, मध्ये माउंटचं (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीचं) अंतर हवं. काचेऐवजी साधं अॅक्रिलिक (पारदर्शक प्लास्टिक) लावलं तर त्यावर स्थिर वीज साचून पूड ओढली जाते. उजेड ५० लक्सच्या (प्रकाश मोजण्याचं एकक) आसपास ठेवतात आणि हलवताना चित्र आडवं, रंगाची बाजू वर.