हळदीचं पेव आणि पोलादाचा कारखाना

सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. तोंड अरुंद, पोट मोठं. माल कीड न लागता वर्षानुवर्षं टिकायचा. पेव उघडलं की आतली कोंदलेली हवा जाईपर्यंत कुणी खाली उतरत नसे. २००५च्या महापुरानं त्यातली बरीच पेवं बुडाली. पण पेव म्हणजे नुसतं कोठार नव्हे. भाव पडला तर थांबायची सोय, म्हणजेच ताकद.

ही ताकद किती मोठी असते, हे १९२०च्या दशकात सोव्हिएत सरकारला कळलं. कारखाने उभारायचे होते, पण भांडवल कुठून आणायचं? वसाहती नाहीत, बाहेरचं कर्ज मिळेना, देश बहुतांशी शेतकऱ्यांचा. बोल्शेविक अर्थतज्ज्ञ येवगेनी प्रेओब्राझेन्स्की म्हणाला, सरकारी माल चढ्या दरानं विका, शेतमाल स्वस्तात घ्या आणि मधल्या फरकातून यंत्रं उभारा. पक्षाचा नेता निकोलाय बुखारिनचं उलट: शेतकऱ्याच्या हातात पैसा खेळला तरच कारखान्याचा माल खपेल, मग वेग गोगलगाईचा असला तरी चालेल.

१९२३ साली भावातल्या अशा फरकाची चुणूक दिसली होती. १९१३च्या तुलनेत कारखानी मालाचे भाव आभाळाला भिडले, धान्याचे खाली आले. आलेखावरच्या त्या फाकत गेलेल्या दोन रेषांना बोल्शेविक नेता ट्रॉट्स्कीनं ‘कात्री’ म्हटलं. शेतकऱ्यानं खरेदीच आखडली.

मला बुखारिन जास्त पटतो. पण त्याचाही हिशेब कच्चाच. झारच्या काळातले कारखाने दुरुस्त करून चालवणं स्वस्तात भागलं. ते पूर्ण क्षमतेनं चालू लागल्यावर नवे उभारायला पैसा कमीच पडणार होता. १९२७च्या अखेरीस धान्य बाजारात येईना. सरकारी दर अगदी कमी, दुकानात घ्यावं असं काही नाही, मग विकायचं कशाला? स्टालिन जानेवारी १९२८मध्ये सायबेरियात गेला आणि जप्त्या सुरू झाल्या. पुढे सक्तीची सामूहिक शेती आली, १९३२-३३चा दुष्काळ आला, लाखो माणसं मेली. एवढी जबरदस्ती प्रेओब्राझेन्स्कीच्या मांडणीतही नव्हती. दोघांनाही गोळ्या घातल्या गेल्या, प्रेओब्राझेन्स्कीला १९३७मध्ये, बुखारिनला १९३८मध्ये.

यंत्रं बनवणाऱ्या यंत्रांत आधी पैसा घाला, हे गणित सोव्हिएत अर्थतज्ज्ञ फेल्डमननं १९२८मध्ये मांडलं. आपले संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस स्वतंत्रपणे तिथेच पोचले, आणि १९५६ची आपली दुसरी पंचवार्षिक योजना त्यावर बेतली गेली. मुंबईचे अर्थतज्ज्ञ सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी तेव्हाच विचारलं होतं: मजुरांच्या भाकरीचं आणि कापडाचं काय? आपल्याकडे जप्तीचा मार्ग नव्हता. मतं त्याच शेतकऱ्याकडे मागायची होती. १९५६मध्येच अमेरिकेशी पीएल-४८०चा, म्हणजे तिथलं जादा धान्य रुपयांत घेण्याचा, करार झाला, आणि परदेशी गहू बंदरांत उतरू लागला.