शिंपले काढण्यावरील तातडीची बंदी

समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांचे विष शिंपल्यांच्या मांसात ठरावीक मर्यादेपर्यंत साठले, की त्या पट्ट्यातून तिसऱ्या, कालवे, शिणाणे काढणे आणि विकणे प्रशासन ताबडतोब थांबवते. विणीच्या हंगामात असते ती बंदी वेगळी. ती प्राणी वाढावेत म्हणून असते आणि तिची तारीख आधीच ठरलेली असते. ही बंदी खाणाऱ्याचा जीव वाचवण्यासाठी असते आणि ती कधी उठेल, हे प्रयोगशाळेचे आकडेच ठरवतात.

दोन शिंपांचे हे प्राणी पाणी गाळून पोट भरतात. एखादे मोठे शिणाणे तासाला लिटर-दोन लिटर पाणी सहज गाळते. पाण्यात विषारी शैवाल माजले, तर त्याच्या पेशी पोटात जातात आणि विष मुख्यतः पाचकग्रंथीत साठत जाते. प्राण्याला स्वतःला बहुधा काहीच होत नाही. रंग, वास, चव तशीच राहते. रटरटा उकळूनही सॅक्सिटॉक्सिन किंवा डोमोइक आम्ल ही शैवालांची विषे नष्ट होत नाहीत. त्यांतले काही नुसते रश्श्यात उतरते, आणि रस्साही आपण पितोच. भांड्यात लसूण किंवा चांदीचा चमचा टाकून तो काळा पडतो का पाहणे, हे निव्वळ भाबडेपण आहे. पाणी लालसर दिसले तरच धोका, हा समजही तितकाच घातक. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातले शिंपले विषारी निघतात आणि लाल पाण्यातले कधी निर्धोकही असतात.

सर्वांत भयंकर ते सॅक्सिटॉक्सिन. अलेक्झांड्रियम आणि त्याच्या जातकुळीतली काही शैवाले ते तयार करतात. चेतापेशींमधले सोडियमचे मार्ग ते बंद करते. आधी ओठ आणि जीभ झिणझिणतात, मग बोटे बधिर होतात, तोल जातो आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. उतारा नाही, कृत्रिम श्वासावर रोग्याला तगवून धरणे एवढाच उपाय. १९२७ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळ १०२ जण आजारी पडले आणि ६ दगावले. कॅलिफोर्नियात आजही हौशी लोकांना १ मे ते ३१ ऑक्टोबर या काळात खाण्यासाठी शिणाणे काढायला दरवर्षी मनाई असते. शिंपल्यांतले विष म्हणून डोमोइक आम्लाची ओळख पटली ती १९८७ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या शिणाण्यांमुळे. शंभरावर लोक आजारी पडले, आणि वाचलेल्यांपैकी काहींची नवे लक्षात ठेवण्याची शक्ती कायमची गेली. ओकाडाइक आम्ल या तिसऱ्या विषाने जुलाब-उलट्या होतात. दोन-तीन दिवसांत माणूस सावरतो.

बंदीचा उंबरठा एक किलो मांसामागे मोजतात: सॅक्सिटॉक्सिन गटासाठी ८०० मायक्रोग्रॅम, डोमोइक आम्लासाठी २० मिलिग्रॅम, ओकाडाइक आम्लासाठी १६० मायक्रोग्रॅम.

नमुना ठरलेल्या ठिकाणाहूनच घेतात. शिंपा बाहेरून धुऊन उघडायच्या, मांस सोडवून निथळायचे आणि सगळे एकत्र वाटायचे. एकेका प्राण्यात विष कमीजास्त असते, म्हणून एक-दोन शिंपांवर भागत नाही. वाटलेले मांस निदान शंभर ग्रॅम भरावे लागते. सॅक्सिटॉक्सिनच्या जुन्या पद्धतीत १०० ग्रॅम मांसात १०० मिलिलिटर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पाच मिनिटे हलके उकळतात, आम्लता नीट जुळवतात आणि तो अर्क उंदराला टोचून तो किती वेळात मरतो ते पाहतात. अर्क अल्कधर्मी झाला तर विष मोडते आणि आकडा खोटाच कमी येतो. आता बऱ्याच प्रयोगशाळांत हे काम यंत्रावर होते.

नमुना घेणे आणि निकाल येणे यांत जे एक-दोन दिवस जातात, तीच या व्यवस्थेची कमकुवत जागा. शैवालाच्या ऐन बहरात विष काही दिवसांत कित्येक पटींनी चढते. म्हणून शहाणे अधिकारी आकडा मर्यादेला टेकायची वाट पाहत नाहीत; निम्म्यावर आला की नमुने वाढवतात. शिणाणे सर्वांत लवकर विषारी होतात, त्यामुळे पहारेकरी म्हणून तेच जाळ्यांत भरून पाण्यात टांगलेले असतात. आदेशात हद्द अमुक खडकापासून तमुक टोकापर्यंत, अशी जमिनीवरच्या खुणांनी सांगावी लागते. नुसत्या नकाशावरच्या रेघेचा ओहोटीत वाळू उकरणाऱ्याला काय उपयोग? आधीच बाजारात गेलेला माल परत मागवतात तो पोत्यावरच्या चिठ्ठीवरून. तीवर काढल्याची जागा आणि तारीख असते. अमेरिकेत दुकानदाराला ती ९० दिवस जपावी लागते.

बंदी उठवायला एक चांगला निकाल पुरत नाही. युरोपीय संघात निदान ४८ तासांच्या अंतराने घेतलेले लागोपाठचे दोन नमुने मर्यादेखाली यावे लागतात. बहर ओसरला की शिणाणे काही आठवड्यांत निवळतात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची बटर क्लॅम ही तिसऱ्यांसारखी जात मात्र सॅक्सिटॉक्सिन वर्षभर आणि कधी त्याहूनही जास्त काळ धरून ठेवते. त्यामुळे एकाच किनाऱ्यावर एक जात खुली आणि दुसरी बंद, असा आदेश निघतो आणि लोकांचा हमखास गोंधळ होतो.

शिंपले खाल्ल्यावर ओठ झिणझिणू लागले तर लगेच रुग्णालय गाठावे. पातेल्यात उरलेले मांस फेकू नये. ते बंद डब्यात थंड ठेवून तपासणीला द्यावे आणि कोणत्या जागेवरून, कोणत्या दिवशी काढले तेही सांगावे. पुढचा कोणता पट्टा बंद करायचा, हे बऱ्याचदा त्यावरूनच कळते.