मदरबोर्डच्या पोर्टवर लाल पट्टी का लावली आहे?

आमच्या कुडाळच्या दुकानातून गेमिंगचा पीसी नेलेल्या प्रत्येकाने ती पट्टी पाहिली आहे. मागच्या बाजूला, यूएसबीच्या शेजारी मदरबोर्डचा (पीसीतल्या मुख्य बोर्डाचा) जो एचडीएमआय पोर्ट असतो, त्यावर आम्ही ती मुद्दाम चिकटवतो. "माझ्या मशीनचा पोर्ट तुम्ही बंद का केलात?" असं विचारणारे आहेत. घरी जाऊन पट्टी सोलून नेमकी तिथेच केबल खुपसणारेही आहेत. मग फोन येतो: मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, घेतला, पण ६०च दिसतंय. नाहीतर, एवढं महागडं ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र तयार करणारं) टाकूनही गेम अडखळतोय.

देवगडहून एक गृहस्थ भर पावसात मॉनिटर खोक्यात घालून एसटीने आले. आमच्या टेबलावर तो पहिल्या झटक्यात १४४वर चालला. बिघाड मॉनिटरमध्ये नव्हताच, केबल चुकीच्या भोकात होती. त्यांचा पूर्ण दिवस गेला, याचं आम्हालाही वाईट वाटलं. हे पत्रक त्यासाठीच.

पीसीच्या पाठीमागे व्हिडिओचे पोर्ट दोन ठिकाणी असतात. वर, यूएसबी आणि नेटच्या पोर्टांच्या गर्दीत असतात ते मदरबोर्डचे. त्यांच्या खाली वेगळ्या पत्र्यावर एका ओळीत तीन-चार असतात ते ग्राफिक्स कार्डाचे. मॉनिटर कार्डालाच लावायचा. वर लावलात तर चित्र प्रोसेसरच्या आतल्या छोट्या ग्राफिक्समधून येतं आणि पैसे मोजून घेतलेलं कार्ड बहुतेक वेळा नुसतं बसून राहतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो, त्यात हे आतलं ग्राफिक्स नसतंच. तिथे पडदा काळाच राहतो आणि पीसी गेला असं वाटून घरात घबराट होते.

केबल योग्य जागी लागली, तरी विंडोज बरेचदा ६०वरच सुरू होतं. डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, तिथून ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, आणि रिफ्रेश रेटमध्ये १४४ किंवा १६५ निवडा. हे एकदाच करायचं असतं.

आता केबल कोणती? पीसीसाठी आमचं उत्तर ठरलेलं आहे: डिस्प्लेपोर्ट, म्हणजे आपण डीपी म्हणतो ती. एचडीएमआयच्या २.० या आवृत्तीतून सेकंदाला १८ गिगाबिट माहिती जाते, डीपी १.२ मधून २१.६, तर डीपी १.४ मधून ३२.४. ऐकायला फरक थोडा वाटतो, पण १४४०पीचा (२५६० बाय १४४० ठिपक्यांचा) मॉनिटर १६५ हर्ट्झवर पूर्ण रंगांत चालवायचा झाला तर एचडीएमआय २.० अपुरं पडतं आणि डीपी १.२ पुरतं. एकाच मॉनिटरवर एचडीएमआयची मर्यादा कमी आणि डीपीची जास्त, असंही खूपदा असतं. मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेत प्रत्येक पोर्टपुढे आकडा दिलेला असतो, तो बघा. सेट-टॉप बॉक्सबरोबर आलेली जुनी एचडीएमआय केबल मात्र गेमिंगला वापरू नका.

गणपतीत मुंबईहून येणारी मुलं पीएस५ (टीव्हीला जोडून गेम खेळायचा प्लेस्टेशन) घेऊन येतात. त्याला डीपी नाहीच. खोक्यातली मूळ एचडीएमआय केबल ४८ गिगाबिटची असते, तीच वापरा. ती हरवली असेल तर नवी घेताना पाकिटावर 'अल्ट्रा हाय स्पीड' हे शब्द आणि स्कॅन करायचं लेबल आहे का पाहा. नुसतं '२.१' कोणीही छापतं.

आमच्या केबली नाक्यावरच्या दुकानापेक्षा महाग आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. स्वस्त डीपी केबलीत कधीकधी विसावी पिन जोडलेली असते. नियमाप्रमाणे ती केबलीत जोडायची नसते, कारण त्यातून मॉनिटरची वीज उलटी कार्डात शिरते आणि पीसी सुरूच व्हायला नकार देतो. असे दोन पीसी आम्ही दिवस-दिवस उघडून बसलो होतो. त्यानंतर आम्ही त्या केबली ठेवणं सोडलं. तांब्याची साधी डीपी केबल दोन मीटरपेक्षा लांब आम्ही देत नाही, त्याचं कारण वेगळं. लांबी वाढली की पडदा मध्येच क्षणभर काळा होतो आणि दोष मॉनिटरवर येतो. विकण्याआधी प्रत्येक केबल तुमच्यासमोर लावून दाखवतो.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेचं एक सांगायलाच हवं. समुद्राजवळच्या घरांत मोकळ्या पोर्टाच्या पिना हिरवट पडतात. त्या ब्लेडने खरवडू नका. रिकाम्या पोर्टांना रबरी टोप्या लावा, पीसीबरोबर आम्ही त्या फुकट देतो. डीपीची केबल काढताना वरचं बटण दाबूनच काढा. ओढून पोर्ट उखडल्याची दुरुस्ती कार्डाच्या वॉरंटीत बसत नाही. आणि वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की पीसी, मॉनिटर दोघांचे प्लग भिंतीतून काढा. सेट-टॉप बॉक्स जोडलेला असेल तर छतावरच्या डिशची वायरसुद्धा काढा, तिच्यातून आलेला झटका एचडीएमआय पोर्टच जाळतो.

तरीही अडलंच, तर आधी पीसीच्या पाठीचा एक स्वच्छ फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवा. बहुतेक वेळा त्यावरूनच काम होतं आणि त्याचे पैसे आम्ही घेत नाही. घरी माणूस पाठवला तर भेटीचे पैसे पडतात, कारण वेंगुर्ल्याला जाऊन यायचं म्हणजे आमचा अर्धा दिवस जातो. मॉनिटर दुकानात आणायचाच झाला, तर घरी लावलेली केबलही बरोबर आणा. दुपारी दीड ते साडेतीन दुकान बंद असतं.