डोंगरी मध आणि जांभळाचा मध: अँटिऑक्सिडंटचं श्रेय कुणाचं?

महाबळेश्वर-पाचगणीच्या रस्त्यावर मधाच्या बाटल्यांवर दोन तऱ्हेची नावं दिसतात. एकीकडे 'डोंगरी मध', 'जंगली मध', हल्ली 'हिमालयन मध'. दुसरीकडे 'जांभूळ', 'हिरडा', 'कारवी'. पहिली नावं मध कुठून आला ते सांगतात, दुसरी कशाच्या फुलोऱ्यावर झाला ते. घेणारी मंडळी मात्र दोन्ही एकच धरतात आणि वर एकमेकांना बजावतात, "डोंगरातला आहे, अँटिऑक्सिडंट भरपूर असणार." व्हॉट्सअ‍ॅपवर हे वाक्य इतकं फिरलंय की आता विक्रेतेही तेच ऐकवतात.

बाकीचे फरक पटकन उरकतो. सातेरी माशीचा (पेटीत पाळली जाणारी) मध की आग्या माशीचा (रानात उघडं पोळं बांधणारी), हा फरक खरा आहे, पण इथे त्याने मुद्दा बदलत नाही. मध गोठला म्हणजे त्यात साखर मिसळली, हा समज तर सोडूनच द्या. ग्लुकोजचं प्रमाण जास्त असलेला अस्सल मधही गोठतो. मोहरीचा तर फार लवकर गोठतो.

खरी गफलत डोंगर आणि झाड यांच्यात आहे. मधाचा अँटिऑक्सिडंट गुण मुख्यतः फिनॉलिक आम्लं आणि फ्लेव्होनॉइड यांच्यामुळे येतो. ही संयुगं झाड बनवतं आणि मकरंदातून, परागातून ती मधात उतरतात. माशी त्यात आपली विकरं मिसळते, पंखांनी वारा घालून पाणी उडवते. पण फुलात जे नव्हतंच ते ती आणणार कुठून?

यावर एक हरकत हमखास येते: उंचीवर अतिनील किरणं जास्त असतात, त्यामुळे झाडं फ्लेव्होनॉइड जास्त बनवतात. यात तथ्य आहे, काही वनस्पतींमध्ये तसं दिसतं. पण एकाच जातीच्या झाडांमध्ये उंचीमुळे पडणारा फरक वेगळा आणि दोन वेगळ्या जातींमधला फरक वेगळा. दुसरा फरक फार मोठा असतो. १९९८ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगवेगळ्या एकफुली (म्हणजे मुख्यतः एकाच जातीच्या फुलांच्या) मधांची तुलना केली. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी अँटिऑक्सिडंट असलेल्या मधांत वीस पटींचा फरक निघाला. वरच्या टोकाला होता इलिनॉयमधल्या कुट्टूच्या फुलांचा मध आणि खालच्या टोकाला कॅलिफोर्नियातल्या सेज नावाच्या झुडपाचा. इलिनॉय म्हणजे सपाट शेतीचा मुलूख आणि ते सेज वाढतं टेकड्यांच्या उतारांवर. डोंगराचं श्रेय असतं तर निकाल उलटा लागायला हवा होता.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून सोपं आहे. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर. त्या परिसरातली एकच सातेरीची पेटी घ्या, जागेवरून हलवू नका. सातेरी साधारण एक-दीड किलोमीटरच्या आतच फिरते, म्हणजे डोंगर तोच, माश्या त्याच. मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ फुललं की गडद, किंचित कडवट मध भरतो. त्यामागून हिरडा फुलतो आणि चव बदलते. कारवी हे झुडूप फुलण्याचं वर्ष असेल तर पावसाळ्याच्या शेवटाला तिसराच मध. उंची एका मीटरनेही बदललेली नसते. 'डोंगरी मध' हे नाव या तिघांनाही लागू पडतं, म्हणूनच ते काहीच सांगत नाही. हिमालयाचंही तेच. काश्मीरमधला अकेशियाचा मध, म्हणजे रोबिनियाच्या फुलांचा, सह्याद्रीपेक्षा उंचावरून येतो, पण रंगाने फिकट असतो आणि अशा मधात फिनॉल, म्हणजे वर सांगितलेली ती संयुगं, कमीच सापडतात. तो चवीला सुरेख असतो, जरूर खा. पण अँटिऑक्सिडंटसाठी त्याला जादा पैसे मोजायचं काही कारण नाही.

मग डोंगराचं नाव झालं कसं? डोंगरात अजून रान शिल्लक आहे म्हणून. जांभूळ, हिरडा अशी झाडं एकत्र असली की मध बहुधा गडद होतो, आणि गडद मधात फिनॉल बहुधा जास्त असतात. हेच जांभूळ खाली सपाटीवर भरपूर असेल तर तिथला मधही तसाच गडद होईल.

इथे कारवीचं वेगळेपण सांगायलाच हवं. ती सात-आठ वर्षांनी एकदाच, अख्ख्या उतारावर एकदम फुलते. तिचा मध इतका घट्ट की चौकट मधयंत्रात कितीही फिरवा, तो सहज सुटत नाही. जेलीसारखा बसून राहतो, ढवळला की पातळ होतो, ठेवून दिला की पुन्हा आळतो. भारतीय अन्न मानकांत मधातल्या सुक्रोजची, म्हणजे उसाच्या साखरेत असते त्या साखरेची, मर्यादा ५ टक्के आहे, पण कारवीला नाव घेऊन १० टक्क्यांची सवलत दिली आहे. कारवी मैदानात होत नाही. त्यामुळे मधात कारवीचे परागकण भरपूर दिसले तर तो डोंगरातला आहे हे आपोआप कळतं. फुलावरून डोंगर ओळखता येतो, डोंगरावरून फूल ओळखता येत नाही. म्हणून लेबलावर फुलाचं नाव हवं, असा माझा आग्रह आहे.

आता काळ्या रंगाबद्दल, कारण 'जितका काळा तितका चांगला' हा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो. मध फुलामुळे गडद होतो तसाच तापवल्यानेही होतो आणि उन्हात वर्षभर पडून राहिल्यानेही. तापवल्यावर साखर आणि अमिनो आम्लं यांच्यातून तपकिरी संयुगं तयार होतात, आणि घोळ असा की प्रयोगशाळेच्या नेहमीच्या चाचणीत तीही अँटिऑक्सिडंट म्हणून मोजली जातात. म्हणजे उकळलेल्या मधाचा आकडा चक्क वाढू शकतो. नुसत्या अँटिऑक्सिडंटच्या आकड्याचा रिपोर्ट कुणी दाखवला तर शेजारी दोन गोष्टी मागा. एक एचएमएफ, म्हणजे मधातल्या साखरेपासून तयार होणारं एक संयुग, जे तापवल्याने आणि जुनं झाल्याने वाढतं. आपल्या मानकात त्याची कमाल मर्यादा किलोला ८० मिलिग्रॅम आहे. दुसरी परागकणांची तपासणी, म्हणजे मध पातळ करून, तळाशी बसलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कुठल्या फुलाचे कण किती आहेत ते मोजणं. एचएमएफ कमी आणि जांभळाचा पराग जास्त, तर तो गडद रंग झाडाचा.

बाटली घेताना एवढं करायची सोय नसते. तेव्हा महाबळेश्वरजवळच्या मांघरसारख्या मधाच्या गावात जाऊन थेट मधपाळाकडूनच घ्यावा, आणि विचारावं: कुठल्या फुलोऱ्याचा, कुठल्या महिन्यात काढला, तापवलाय का? 'मे महिन्यातला, जांभूळ आणि हिरडा मिसळलेला' असं उत्तर आलं तर बिनधास्त घ्या. आणि घेतल्यावर प्रमाण लक्षात असू द्या: चमचाभर, म्हणजे सात ग्रॅम मधात साडेपाच ग्रॅमच्या आसपास साखरच असते. मधुमेह असेल तर जांभळाचं नाव ऐकून त्यात सूट घेऊ नका.