शिडीच्या लाकडाची साक्ष: लिंडबर्ग अपहरणाचा तपास

ठाणे किंवा नवी मुंबईत खंडणीसाठी मूल पळवल्याचा गुन्हा नोंदवला गेला, तर आज भारतीय न्याय संहितेचे कलम 140 (2) लागते. त्याआधी 1993 साली जुन्या दंड संहितेत घातलेले 364-अ लागत असे. शिक्षा फाशी किंवा जन्मठेपेची असल्यामुळे पुरावाही तितकाच पक्का लागतो, म्हणूनच नव्या नागरिक सुरक्षा संहितेने अशा गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली आहे. घटनास्थळावरची एखादी साधी वस्तू किती बोलू शकते, हे न्यू जर्सीतील एका प्रकरणाने फार पूर्वीच दाखवून दिले होते.

विख्यात वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचा 20 महिन्यांचा मुलगा 1 मार्च 1932 च्या रात्री होपवेलजवळच्या घरातून पळवला गेला. मागे 50 हजार डॉलर मागणारी चिठ्ठी राहिली आणि घराबाहेर तीन भागांची, हाताने ठोकलेली शिडी. 2 एप्रिलला न्यूयॉर्कमधील ब्रॉंक्सच्या दफनभूमीत पैसे पोचवले गेले. 12 मे रोजी मुलाचा मृतदेहच मिळाला.

मॅडिसनच्या सरकारी प्रयोगशाळेतील लाकूडतज्ज्ञ आर्थर कोहलर यांनी शिडी सुटी करून फळ्यांवरच्या रंध्याच्या रेघा तपासल्या. पात्याला खाच पडली की धार लावेपर्यंत प्रत्येक फळीवर तीच रेघ उमटते, हे ठाण्यातला कोणताही जुना सुतार सांगेल. कोहलर यांनी मात्र त्या रेघांवरून दीड हजारांहून अधिक लाकूड गिरण्यांना पत्रे लिहिली आणि साउथ कॅरोलिनातील एका गिरणीपासून माग काढत 1933 च्या अखेरीस ब्रॉंक्सची वखार गाठली. तिथे माल रोखीने विकला जाई, गिऱ्हाइकांची नोंद नव्हती, आणि माग तिथेच थांबला.

माणूस सापडला तो नोटेमुळे. खंडणीतील नोटांचे क्रमांक टिपून ठेवलेले होते, आणि त्यांतील सोन्याच्या हमीच्या नोटा 1933 मध्ये सरकारने परत मागवल्यामुळे त्या वापरणारा लक्षात राहू लागला. सप्टेंबर 1934 मध्ये न्यूयॉर्कच्या एका पेट्रोल पंपावरील कर्मचाऱ्याने अशा नोटेच्या कडेला गाडीचा क्रमांक लिहिला आणि ब्रुनो हाउप्टमान हा सुतार पकडला गेला. त्याच्या गॅरेजात 13 हजारांहून अधिक डॉलर मिळाले. घराच्या माळ्यावरची एक फळी अर्धवट कापलेली होती. शिडीच्या एका दांड्यातली जुनी चार खिळ्यांची भोके तिथल्या तुळयांवरच्या भोकांवर नेमकी बसली, आणि लाकडाची वलयेही जुळली.

लाकडाचा तज्ज्ञ असा कोणी असतो हेच बचाव पक्षाने नाकारले, तरीही न्यायालयाने कोहलर यांची साक्ष ऐकली. शेवटपर्यंत आपण निर्दोष असल्याचे सांगणाऱ्या हाउप्टमानला 3 एप्रिल 1936 रोजी मृत्युदंड दिला गेला. चिठ्ठ्यांच्या हस्ताक्षरावर आणि साक्षीदारांच्या ओळखीवर पुढे पुष्कळ वाद झाले; माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा शिडीचाच होता, आणि ती न्यू जर्सी राज्य पोलिसांच्या संग्रहालयात आजही जपून ठेवलेली आहे.